फोटोसाठी भरवलेला शिरा

साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास आला की आजही मी ताट बाजूला सारतो.

निपाणीत आयुष्यभर विड्या वळलेली माझी मावशी म्हातारपणी संकेश्वरजवळ एका देवस्थानाच्या वृद्धाश्रमात राहायची. एकदा मी तिला भेटायला गेलो, तेव्हा कुणा देणगीदाराचा वाढदिवस होता. ताटांत वाढलेल्या शिऱ्यावर माश्या बसत होत्या आणि उपाशी म्हातारी माणसं हात जोडून भजन म्हणत होती. देणगीदार पाहुणे येईपर्यंत जेवायचं नाही, असा नियम.

पाहुणे आले. त्यांनी मावशीच्या तोंडात घास कोंबला. फोटो हलला म्हणून दुसरा, मग तिसरा. तिच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं.

"आज्जी, जरा हसा की!" व्यवस्थापक म्हणाले.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "माझं हात अजून धड हायत. लेकरू न्हाय मी."

"देवाच्या दारात एवढा माज?" व्यवस्थापकांनी तिला सुनावलं.

तेव्हा मला पाहुण्याची किळस आली होती. आता व्यवस्थापकांची जास्त येते. पाहुण्याला निदान काही कळत नव्हतं.

त्याच दुपारी मी मावशीला कायमचं घरी आणलं. बसमध्ये तिनं पदराला लागलेलं तूप चोळून पुसलं. मग म्हणाली, "आता तरी बाकीच्यास्नी जेवू दिलं असंल का रं?"