दालियाचा गुडघा

अबिगेल वाक्रूळकर इस्राएलमधल्या लोदच्या विमानतळावर विमानं झाडायच्या. या नोकरीला हिब्रूत एक लांबलचक, भारदस्त नाव होतं आणि ते पगाराच्या पावतीवर छापलेलं असायचं. काम मात्र झाडण्याचंच. प्रवासी उतरले की बायकांची तुकडी आत शिरायची आणि सीटांच्या खिशांतून संत्र्यांच्या साली, चष्मे, कवळ्या आणि पुस्तकं उपसायची. चष्मे आणि कवळ्या ऑफिसात जमा करायच्या असा नियम होता. पुस्तकांसाठी कुणी नियम केला नव्हता, म्हणून ती केरात जायची. अबिगेलबाई बॉम्बेत मॅट्रिक झालेल्या. छापलेलं पुस्तक केरात जाताना त्यांना बघवायचं नाही. त्या ते पुसून घरी न्यायच्या.

प्रवासी विमानात काय वाचतात याचा इतका पद्धतशीर अभ्यास त्या काळात कुठल्या विद्यापीठात झाला असेल असं वाटत नाही. बहुतेक पुस्तकं प्रेमाची. वर एक उंच पुरुष, त्याच्या दंडावर वाकलेली एक बाई, मागे समुद्र किंवा हॉस्पिटल. बऱ्याच वर्षांच्या वाचनानंतर बाईंचा निष्कर्ष असा झाला, की नायिका एकतर नर्स असते, नाहीतर सेक्रेटरी, नाहीतर श्रीमंताघरची मुलं सांभाळणारी. आणि कुठेही असली तरी पाय घसरून पडतेच. नायकाला नेमकं तेव्हाच दुसरं काही काम नसतं. "इतक्या पडणाऱ्या पोरींना कामावर ठेवतं कोण?" असं त्या विचारायच्या. स्वतः त्या ओल्या शिडीवरून बादली घेऊन उतरायच्या आणि कधी पडल्या नव्हत्या.

शहात्तर साली त्यांना पासपोर्टच्या खिडकीपाशी एक उंच मुलगी दिसली. बगलेत रॅकेटांचा जुडगा. अधिकाऱ्याने व्यवसाय विचारला. "टेनिस," ती म्हणाली. त्याने मानसुद्धा वर केली नाही, शिक्का मारला. केरसुणी हातात धरून अबिगेलबाई बघत राहिल्या. खेळणं हा सरकारी शिक्का बसण्याइतका धंदा असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे त्यांच्या मनाला लागण्याचं कारण त्यांच्या तांदळाच्या डब्यात होतं. तिथे चांदीचा मुलामा दिलेला एक कप असायचा. बॉम्बेच्या शाळांच्या शर्यतीत, शंभर यार्डांत, अबिगेल पहिली आली होती. त्याच वर्षी लग्न ठरलं, धावणं थांबलं आणि कप मापाला लागला. इस्राएलला येताना पुष्कळ सामान मागे राहिलं, पण माप लागतंच, म्हणून तो आला.

त्या आठवड्यात बाईंनी कादंबरी लिहायला घेतली. मराठीत.

आमच्या लोदमध्ये तेव्हा बॉम्बेकडून आलेल्या आम्हा मराठी ज्यूंचं एक मासिक निघायचं, सायक्लोस्टाइल केलेलं. संपादक जुडा पेझारकर. हे बॉम्बेला रेल्वेत हेडक्लार्क होते आणि इथे रेल्वेच्याच गोदामात. त्यांनी येताना मराठी टाइपरायटर मांडीवर घेऊन विमानप्रवास केला होता. गावात दुसरा मराठी टाइपरायटर नसल्यामुळे संपादक कोण व्हावं, यावर चर्चा झाली नाही.

बाईंची नायिका दालिया किहीमकर. लोदची, आपल्यातली, धंदा टेनिस. जुडांना कल्पना पटली नाही, पण अंकाची शेवटची पानं कायम रिकामी राहायची, म्हणून त्यांनी घेतली. पहिल्या प्रकरणात दालियाची मॅच बरोबरीत सुटली. हे बाईंनी आपल्या मुलीला, सारितला, वाचून दाखवलं. सारित लष्करात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिब्रूत यायचं. टेनिसमध्ये तेकू नसतो, म्हणाली. बरोबरी नाहीच.

"मग दोघी सारख्याच निघाल्या तर?"

तर खेळत राहायचं, सारित म्हणाली. एक जिंकेपर्यंत.

बाईंना हा नियम फार आवडला. अर्धवट सोडून घरी जायची सोयच ज्यात नाही, असा खेळ त्यांनी प्रथमच ऐकला होता.

कादंबरीने गावात जी धमाल उडवली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. अंक यायचा त्या दिवशी फॅक्टरीतून सुटलेल्या बायका भाजी न घेता घरी जायच्या. ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारीण वाचून दाखवी, आणि पोरंटोरं मधेच हिब्रूत विचारत, स्कोअर काय? रॅकेट कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्या बायका जिन्यात उभ्या राहून दालियाच्या बॅकहँडची काळजी करू लागल्या. बॅकहँड म्हणजे काय हे विचारायला सवड कुणाला होती?

अडचण फक्त स्कर्टची होती. आठवड्याच्या पवित्र दिवशी, शब्बाथच्या टेबलावर जाणाऱ्या अंकात मुलीने गुडघ्याच्या वर कपडे घालावेत, हे जुडांना मंजूर नव्हतं. बाईंशी वाद घालण्याऐवजी ते टाइप करताना स्कर्ट गुपचूप वाढवायचे, दर महिन्याला थोडा. दुसऱ्या प्रकरणात तो गुडघ्याखाली आला, चौथ्यात पोटरीवर, सहाव्यात दालिया एका हाताने घोळ सावरत सर्व्हिस करत होती.

बाईंनी तक्रार केली नाही. सातव्या प्रकरणात, लंडनच्या गवतावर, सेमीफायनलमध्ये दालिया लांबच्या चेंडूसाठी धावली, स्कर्टच्या घोळात पाय अडकला आणि ती पडली. गुडघा गेला. आपली नायिका कधी पडणार नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. पण तेवढ्या कापडात पडली नसती तर ते खोटं वाटलं असतं. निदान पडली ती गवतावर, कुणाच्या दंडावर नाही. डॉक्टर उझी पुढच्या अंकात आला, देखणा, हाडांचा स्पेशालिस्ट. त्याने गुडघा बांधला आणि सांगितलं की आता लग्न किंवा टेनिस.

गाव हादरलं. जुडांच्या पत्नी रोझीबाई बसस्टॉपवर अबिगेलबाईंना भेटल्या आणि फार गंभीरपणे विचारलं, दालियाच्या आईचं नाव काय? नायिकेच्या आईची कुणी चौकशी करतंय म्हटल्यावर लेखिका सुखावणारच. बाईंनी जागच्या जागी नाव ठेवलं: एलिशेबा.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर त्याचं नाव आईच्या नावासकट लागतं, हे लेखिका त्या क्षणी विसरल्या होत्या. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझन एलिएझर आजाऱ्यांची नावं घेऊ लागले. एक किडनीचा रुग्ण झाला, एक बाळंतीण झाली, आणि मग त्यांनी भरल्या गळ्याने पुकारलं: "दालिया बत एलिशेबा." सगळं सिनेगॉग आमेन म्हणालं. वर बायकांच्या सज्जात अबिगेलबाईंनी कठडा घट्ट धरला.

बाहेर आल्यावर हझननी त्यांना गाठलं. मुलगी तुमच्या ओळखीची दिसते, कुठल्या वॉर्डात आहे, सोमवारी भेटून येतो, म्हणाले. बाईंना सांगावं लागलं की ती मासिकात आहे. नावं रोझीबाईंनी दिली होती, आणि त्या काही खोटं बोलल्या नव्हत्या. मुलगी जन्मली आहे का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी हझन म्हणाले की वर गेलेली प्रार्थना परत मागवण्याची काही तजवीज आपल्यात नाही. मग त्यांनी मागचे अंक वाचायला मागितले. पुढच्या शनिवारी नाव पुन्हा आलं, आणि या वेळी त्यांचा गळा आणखी भरला होता.

इकडे जुडांनी ठरवलं की आता पुरे. शेवटचं प्रकरण पुढच्या अंकात, त्यात दालिया रॅकेट भिंतीला टांगेल आणि डॉक्टरशी लग्न करेल. गावातल्या पोरी ऐकतायत, त्यांनी काय शिकायचं? अबिगेलबाई म्हणाल्या, दालिया खेळेल. जुडा म्हणाले, मग मी लिहितो, टाइपरायटर माझा आहे. आणि तो खरंच त्यांचा होता.

बाई त्या रात्री भात करायला गेल्या आणि कप हातात घेऊन उभ्या राहिल्या. एक मुलगी आधीच मापाला लागली होती. दुसरी लावायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्या त्या अंगावरच्या एप्रनसकट जुडांच्या घरी गेल्या. जुडा टाइपरायटरपाशी बसलेले. लग्नाचा हॉल ठरला होता, मेंदीपर्यंत टाइप झालं होतं. रोझीबाई टेबलाशी भेंडी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की हे फाडावं लागेल.

"का?"

"मी नवस बोललेय. एलियाहू हन्नाबीला. दालिया परत खेळली तर मलिदा करीन." हा आमचा नवसाला पावणारा प्रेषित, आणि त्याला मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं ताट लागतं.

"रोझी, ती मुलगी जन्मलेली नाही."

"मग तिच्या नावाने प्रार्थना झाली तेव्हा आमेन कोण म्हणालं? पहिल्या बाकावरून तुमचाच आवाज सगळ्यात मोठा होता."

जुडांनी चष्मा काढून पुसला. ते आमेन सवयीने म्हणतात, असं म्हणून बघितलं. हे देवाला सांगा, रोझीबाई म्हणाल्या. मग ते हेडक्लार्कच्या वाटेने गेले: समजा, लग्नाच्या आधी दालिया कोर्टावर उभी राहिली, शाळेच्या पोरींना बक्षीस वाटलं, तर नवस फिटला की नाही? हा प्रश्न हझनकडे गेला. हझन एव्हाना आठव्या प्रकरणापर्यंत आले होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि निकाल दिला की बक्षिसं वाटणं म्हणजे खेळणं नव्हे. मॅच झाली पाहिजे. आणि पूर्ण झाली पाहिजे.

बाईंनी शेवटचं प्रकरण लिहिलं, पण जुडांना टाइप करायला शेवटचं पान दिलं नाही. ते मलिद्याच्या दिवशी वाचीन, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पेझारकरांच्या दोन खोल्यांत किती माणूस होतं ते सांगता येत नाही, जिन्यातही होतं. नवस फिटण्याआधी पोहे भिजवायचे का, यावर बायकांत थोडी चर्चा झाली. अबिगेलबाईंनी पिशवीतून कप काढला आणि पोहे मोजून परातीत टाकायला सुरुवात केली. चर्चा थांबली. नारळ खवला गेला, वेलची कुटली गेली, फळं कडेने लागली, आणि बाई वाचायला बसल्या. सारित रजेवर आली होती. ती वाक्यामागून वाक्य पोरांसाठी हिब्रूत टाकत होती, आणि घाईघाईत एक-दोनदा आईच्या पुढे गेली.

कोर्ट तेल अवीवजवळचं. पहिला सेट दालिया हरली. जिन्यातून कुणीतरी डॉक्टरला शिवी दिली. दुसरा जिंकली. तिसऱ्यात बरोबरी, पुन्हा बरोबरी, पुन्हा. बाई पाणी प्यायला थांबल्या तेव्हा हझननी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. वाचा, म्हणाले. डॉक्टर उझी प्रेक्षकांत उभा होता, आणि त्याने पहिल्यांदाच पाहिलं की त्याने बांधलेला गुडघा वाकतो, झेप घेतो, धरतो. सगळ्यांनी पाहिलं, कारण स्कर्ट गुडघ्याच्या चांगला वीतभर वर होता. गुडघा बरा झालाय हे दिसायला नको का? इथे बाई थांबल्या आणि त्यांनी जुडांकडे पाहिलं. सगळ्या खोलीने पाहिलं.

जुडा म्हणाले, "गुडघा दिसलाच पाहिजे."

शेवटचा चेंडू रेषेवर पडला. दालिया जिंकली. डॉक्टर रॅकेटांची पिशवी उचलायला धावला आणि लग्नाचं विचारू लागला. ती घाम पुसत म्हणाली की सीझन संपला की बघू.

जो गलका झाला तो खालच्या दुकानापर्यंत गेला. दुकानदार मोरोक्कोचा, तो कुणाचं लग्न आहे विचारत वर आला आणि मलिदा खाऊन गेला. हझननी एलियाहू हन्नाबीचं गाणं धरलं ते नेहमीपेक्षा दोन सूर वर.

शनिवारी आजाऱ्यांची नावं घेताना हझन एका नावापाशी थांबले आणि ते न घेता पुढे गेले. पहिल्या बाकावरून आमेन आलं, वेळेआधी.

जुडांनी ते शेवटचं पान टाइप केलं तेव्हा स्कर्टला एका इंचाचाही धक्का लावला नाही, असं रोझीबाई सांगतात. अबिगेलबाईंनी तो कप काही तांदळाच्या डब्यात परत टाकला नाही. मापाला त्यांनी स्टीलची वाटी आणली, आणि पुढचे कित्येक दिवस त्यांच्याकडचा भात बिघडत होता. कुणी तक्रार केली नाही.