ड्रॅगनला आवतन
काल संध्याकाळी शेजारच्या गोठ्यातून हळद-तुपाचा वास आला आणि बदनापूरच्या याच खोलीतली एक जुनी दुपार आठवली. तेव्हा मी घरी बसून एका ऑनलाइन गेमसाठी पुस्तकं लिहायचो. जादूगारांच्या त्या राज्यात आम्ही ग्रंथालय बांधलं होतं. कपाटावर क्लिक केलं की पुस्तक उघडायचं, पण तलवारी उपसलेले खेळाडू तिथून नुसते पळत जायचे. कुणी वाचत नाही, काढून टाकू, असा ऑफिसातून निरोपही आला होता. वर पत्रा तापलेला, दिवसभर कुणाशी बोलणं नाही, आणि मी माझ्याच ग्रंथालयात माझा जादूगार उभा करून बसलेलो. तेवढ्यात एक धनुर्धारी आत आला, कपाटापाशी थांबला आणि बराच वेळ हललाच नाही. मग त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली, "सणाच्या आदल्या दिवशी ड्रॅगनचे खांदे हळद-तुपानं मळतात, हे कुणी लिव्हलं? आमच्याकडं पोळ्याला बैलांचे मळतेत." मी घाईघाईनं टाइप केलं, "मीच. तुम्ही कुठले?" "जाफराबादकडचा. आता पुण्यात राह्यतो, बैल न्हाई राह्यले. पण तुम्ही एक इसरले. खांदे मळल्यावर आवतन द्यावं लागतं." एवढं लिहून तो गेला. मी लगेच त्या पानावर ओळ घातली, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' तो परत आलाच नाही, आणि पुढं ग्रंथालयही काढून टाकलं. काल शेजाऱ्यानं बैलाच्या कानाशी तीच ओळ म्हटली, तेव्हा मी तांदूळ धूत होतो. कुकर लावताना पाहिलं, तर एकट्यासाठी घ्यायचे तांदूळ दोघांचे घेतले होते.