मोगरा, कलिंगड आणि तसंच राहिलेलं पन्हं

१. आज दुपारी कर्वेनगरला आमच्या घरी छोटी उन्हाळी पार्टी होती. पाहुणे तीनच: ज्याच्याशी मी लग्न करणार होते तो आणि त्याचे आईवडील.
२. या ग्रुपवर तुम्ही सुचवलेलं सगळं केलं. बर्फात गोठवलेला मोगरा, कलिंगड कोरून त्यात फळं, मातीच्या पेल्यांत पन्हं.
३. पन्हं कोणी प्यायलं नाही.

त्याची आई कोपऱ्यातली मूर्ती बघून म्हणाली, "हल्ली डेकोरेशनला बुद्ध ठेवतात. छान दिसतो हो!"

माझी आई हसली. "अहो, डेकोरेशनला नाही. आम्ही रोज वंदना घेतो."

त्याच्या आईने उचललेला पेला खाली ठेवला. पर्समधून पाण्याची बाटली काढली. "उन्हाळ्यात मला बाहेरचं सोसत नाही."

आम्ही बौद्ध आहोत हे घरी सांगितलंय, असं तो मला म्हणाला होता. त्याने आईकडे पाहिलं आणि स्वतःचाही पेला खाली ठेवला.

ते गेल्यावर माझ्या आईने विचारलं, "मी बोलायला नको होतं का गं?"



तोही या ग्रुपवर आहे, म्हणून इथेच लिहिते. तू पेला का ठेवलास? रविवारपर्यंत घरी ये आणि माझ्या आईसमोर बसून उत्तर दे.