जागल्याने वाजवलेलं गाणं

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. या पानावर लोक पिंपळ, पांढरी साडी, मागून येणारी पावलं वगैरे लिहितात, ते मी जेवता जेवता वाचते आणि ताट धुवायला उठते. माझा अनुभव भर दुपारचा आहे, डब्यातली भेंडी खाताना आलेला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि शोधून शोधून आता कंटाळा आलाय... म्हणून इथे टाकते आहे.

धानोऱ्यात आमचं एक लहानसं रेडिओ केंद्र आहे. बस स्टँडवरून गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, टायर पंक्चरच्या दुकानामागे, दोन खोल्या आणि वर पत्रा. आवाज तालुक्यापुरताच पोचतो, पण गाणी आणि गोष्टी गोळा करायला आम्ही पार भामरागडपर्यंत जातो. केंद्र मी चालवते. म्हणजे रिपोर्ट लिहिते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालते आणि आलेल्या पाहुण्यांना चहा देते. तांत्रिक बाजू संतोषकडे. संतोष चामोर्शीचा, दोन मुलांचा बाप, सरळ माणूस.

पूर्वी गावातून आणलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग हाताने साफ करावं लागायचं. पंख्याची घरघर काढा, आवाज सारखा करा, फाइल लहान करा. संध्याकाळ व्हायची. मग संतोषने कॉम्प्युटरवर एक टूल बसवलं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती काळी खिडकी आणि त्यात टाइप केलेली एक ओळ. त्याला सांगून ठेवायचं की या फोल्डरमधल्या फाइलींवर लक्ष ठेव. ते गप्प बसून राहतं. एखादी फाइल आली किंवा बदलली, की नेमून दिलेली कमांड आपोआप चालवतं. आमच्याकडे ते फाइल साफ करायचं, रेडिओच्या फोल्डरमध्ये टाकायचं आणि शेवटी त्यातला सुरुवातीचा तुकडा स्पीकरवर वाजवायचं — काम झालं हे आम्हाला मागच्या खोलीतही कळावं म्हणून.

धानाच्या शेतात डुकरं येऊ नयेत म्हणून जागल करायला बसतो तो जागल्या. संतोषने टूलला तेच नाव ठेवलं.

"जागल्या फाइलीत काय आहे ते पाहत नाई, बाई," तो मला म्हणाला होता. "हालली का नाई, तेवढंच पाहते. हालली नाई, तर तोबी हालत नाई."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं आहे.

भामरागडच्या पलीकडे, नदी ओलांडून आत एक गाव आहे. नाव देत नाही, त्यांनी नको म्हटलं. तिथे जुरीबाई राहते. साठीच्या आतबाहेरची, काटक, थट्टेखोर बाई. आंब्याच्या पंडुमचं पूर्ण गाणं त्या गावात तिला एकटीलाच येतं. पंडुम म्हणजे नव्या फळाचा, नव्या पिकाचा सण. आंब्याचा पंडुम होईपर्यंत गावात कोणी आंब्याला तोंड लावत नाही, खाली पडलेलाही उचलत नाही. त्याची तारीख कॅलेंडरात नसते. गावातली माणसं बसून ठरवतात.

त्या हिवाळ्यात जुरीबाईच्या जिभेवरची गाठ कॅन्सरची निघाली. जन्मभर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ला होता. नागपूरला ऑपरेशन ठरलं, आणि डॉक्टरांनी तिच्या मुलीला, सुनीताला, स्पष्ट सांगितलं की आई वाचेल, पण बोलता येणार नाही. गाण्याचा तर प्रश्नच नाही. सुनीताने मला फोन केला. संतोष आणि मी दुसऱ्या दिवशी निघालो.

अंगणातल्या आंब्याला नुसता मोहोर होता. जुरीबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आंब्याले अजून बार आहे, अन् तुमी गाणं मांगून राह्यले," ती म्हणाली. "डॉक्टरले थोडी तारीख पुढं ढकलता नाई आली?"

शेवटी तयार झाली. घरात बसली, दार लावून घेतलं, सुनीतालाही बाहेर पाठवलं. फक्त संतोष आणि मी. तिची एकच अट होती.

"पंडुम व्हायच्या आधी हे वाजवायचं नाई. कोनालेच नाई."

मी हो म्हटलं. माझ्या मते रेडिओवर लावायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

ती गायली. मला त्यांची माडिया भाषा अर्धीमुर्धी समजते, त्यामुळे अर्थाबद्दल काही लिहीत नाही. मध्ये एकदा खोकली, थांबली, पुन्हा मागची ओळ धरली. संपल्यावर एक श्वास घेतला आणि मराठीत म्हणाली, "झालं. संतोषभाऊ, आता तरी एक खर्रा द्या!" संतोष हेडफोन काढून हसायला लागला. त्याच्या खिशात पुडी होती, पण त्याने दिली नाही.

ऑफिसला परत आल्यावर संतोषने कार्ड लावलं. त्यावर तीन फाइली होत्या. गाण्याआधी गावच्या हातपंपाबद्दल एका माणसाचं बोलणं, मग गाणं, मग निघताना घेतलेला कोंबड्यांचा आणि पोरांचा आवाज. तिन्ही फोल्डरमध्ये टाकल्या. मी चहा ठेवत होते. हातपंपवाला स्पीकरवर बोलला. कोंबड्या ओरडल्या. मधलं काहीच वाजलं नाही.

"हे काऊन नाई झालं?" संतोष कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीकडे पाहत म्हणाला. जागल्याने पहिल्या आणि तिसऱ्या फाइलीची नावं लिहिली होती. दुसरीचं नावच नव्हतं, जणू ती आलीच नाही. फोल्डरमध्ये मात्र ती होती, भरपूर मोठी.

त्याने ती हाताने उघडली. आवाजाच्या जागी सरळ आडवी रेघ. शेवटपर्यंत. कार्ड पुन्हा रेकॉर्डरमध्ये घालून लावलं, तिथेही तसंच.

"वायर ढिली असेल," मी म्हणाले.

"बाई, हेडफोनमधी ऐकलं ना मी! वायर ढिली असती तं मले कुठून ऐकू आलं असतं?"

तोच माइक, तीच वायर, आधीचं चांगलं, नंतरचं चांगलं. मी पेन ड्राइव्हवर एक कॉपी घेतली आणि नागपूरच्या एका ओळखीच्या साउंडवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "रिकाम्या खोलीचाही आवाज असतो, मॅडम. वारा असतो, मशीनची सूं असते. यात तेही नाही. नुसतं शून्य आहे. असं रेकॉर्ड करायचं म्हटलं तरी करता येणार नाही." मी त्याचे आभार मानले आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. अशा माहितीचा मला काय उपयोग! मला गाणं हवं होतं, आणि ते पुन्हा घ्यायला दिवस थोडे उरले होते.

नागपूरला जाण्यासाठी मायलेकी गडचिरोलीत एका नातेवाइकाकडे उतरल्या होत्या. आम्ही रेकॉर्डर घेऊन तिथे गेलो. जुरीबाई खाटेवर बसून पातळ वरण-भात खात होती. घास गिळताना त्रास होत होता. मी उगाच घोळ न घालता सांगितलं — फाइल रिकामी निघाली, पुन्हा गावं लागेल.

"तुमी वाजवून पाह्यलं?" तिने विचारलं.

"तपासायला लावलं. रेडिओवर नाही."

"पंडुम झाला का?"

"नाही."

"मंग? तुमच्या मशीनले काऊन घाई झाली? एकदा देल्लं ना मी. एकाच मोसमात दोनदा नाई देत."

सुनीता चिडली. "आई, असं काय करतं? गा ना! परवाच्यानं येईन का तुले गाता?" तिचा आवाज फुटला. "मग मी काय ऐकू? माह्याजवळ काय राहीन?"

"तुले शिकवत होतो तवा तू टीव्हीसमोर बसून राहायची," जुरीबाई म्हणाली. पण मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आंबा पिकू द्या, बाई. जा आता, मले जेवू द्या."

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. ऑपरेशन झालं. जुरीबाई वाचली. जीभ गेली. सुनीताने एकदा तेवढं कळवलं आणि पुढे फोन केला नाही. तिचा राग माझ्यावर होता हे मला समजत होतं, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. ती रिकामी फाइल संतोषला पुसवेना, म्हणून फोल्डरमध्येच राहिली. बाकी कामं होती. ती केली.

उन्हाळा आला. धानोऱ्यातली दुपार काय असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्या सोमवारी संतोष चामोर्शीला साळ्याच्या लग्नात होता. लाइन गेलेली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, दार उन्हामुळे आतून बंद. मी मागच्या खोलीत डबा खात होते. समोरच्या खोलीत स्पीकर खरखरला आणि जुरीबाई गायला लागली.

मी उठून पळाले वगैरे नाही. हातातला घास खाल्ला. पहिला विचार आला की रेडिओ लागला असेल, पण रेडिओवर ते गाणं यायचं कुठून? तुकडा संपला. मी हात धुतले आणि जाऊन पाहिलं. काळ्या खिडकीत एक नवी ओळ होती. त्याच फाइलीचं नाव. साफ केली, लहान केली, वाजवली. फाइल बदलली की नेहमी जे लिहून येतं तेच, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही.

मूळ फाइल उघडली. सरळ रेघेच्या जागी आता डोंगर होते. फाइलीची तारीख हिवाळ्यातलीच, आकार तोच. मी ती पूर्ण ऐकली. मध्ये खोकला होता, मागची ओळ पुन्हा धरणं होतं, आणि शेवटी — "झालं. संतोषभाऊ, आता तरी एक खर्रा द्या!"

मी संतोषला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"बाई, लग्नात काऊन मजाक करून राह्यल्या?"

मी गाणं पुन्हा लावून फोन स्पीकरजवळ धरला. बँड वाजतच राहिला. "अजून एकदा लावा, बाई," संतोष म्हणाला.

त्या आठवड्याच्या बाजाराला सुनीता भामरागडला आली होती. गावात नेटवर्क नाही, म्हणून तिथून तिने फोन केला. इतक्या दिवसांनी. आईची तब्येत बरी आहे, औषधं संपत आली आहेत, धानोऱ्यात मिळतात का विचारत होती. मी विचारलं, पंडुम झाला का?

"झाला ना. पहिलेच होनार होता, पन गावात एक मानूस वारला, तं पुढं ढकलला. सोमवारी केला."

"किती वाजता?"

"घड्याळ कोन पाह्यते, बाई? जेवनाच्या टायमाले. काऊन विचारता?"

मी सांगितलं. बाजारातला गलका ऐकू येत होता. मग तिने एवढंच विचारलं, "कवा येता?"

औषधं आणि फोनमध्ये गाणं घेऊन आम्ही गेलो. जुरीबाई अंगणात आंब्याखाली बसली होती, तोंडावर पदर. सुनीताने फोन हातात घेतला आणि आईला टेकून बसली. गाणं सुरू झाल्यावर सुनीता रडायला लागली. आई नाही रडली. मान किंचित हलवत, दुसऱ्या कोणाचं तरी तपासावं तसं ऐकत होती. खोकला आला तिथे कपाळाला आठी घातली. शेवटचं वाक्य आलं, तेव्हा तिने संतोषकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

संतोषने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. खर्रा त्याने हिवाळ्यातच सोडला होता. जुरीबाईचे खांदे हसून हलायला लागले.

आता तुम्ही सांगाल ते मी आधीच तपासलंय. व्हायरस नाही. त्या दुपारी नेट बंद होतं, म्हणजे बाहेरून कोणी काही केलेलं नाही. संतोषची गंमत? त्या माणसाला बायकोसाठी घेतलेली साडी घरात दोन दिवस लपवता येत नाही. आणि पंडुम पुढे ढकलल्याचं तर धानोऱ्यात कोणालाच माहीत नव्हतं. जुरीबाईला विचारावं म्हणाल, तर तिला सांगता येत नाही, आणि विचारलं तेव्हा तिने मला पाडाचा एक आंबा दिला.

पेन ड्राइव्हवरची कॉपी अजून माझ्याकडे आहे. तेच नाव, तोच आकार, तीच तारीख. परवाच लावून पाहिली. तिच्यात अजूनही काही नाही, सरळ रेघ.

जागल्या चालूच आहे. फाइल बदलली, की कमांड. ती फाइल त्या सोमवारी बदलली, हे त्याने मला सांगितलं. बदलली कोणी, ते मला माहीत नाही.