आंतरपिकाचा रकाना

सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या तानुबाईला एक्क्याण्णव साली फळबाग योजनेत आंब्याची शंभर रोपं मिळाली. जमीन तिच्या बापाची, सातबारा तिच्या नावावर, म्हणून बागही तिच्याच नावावर लागली. नवरा गोटीराम घरजावई. दोघांनी दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून रोपं जगवली.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर कृषी सहायक रोपं मोजायला आला. सत्त्याऐंशी जगली होती. त्याच्या कागदावर आंतरपिकाचा एक रकाना होता. मधे काय लावलंय, असं त्यानं विचारलं. तानुबाईनं होतं ते सांगितलं: नागली, उडीद आणि बांधाच्या कडेला गांजाची अकरा झाडं. बैलाला हगवण लागली की तिचा बाप तो पाला वाटून पाजायचा. सहायकाचं पेन थांबलं.

"बाई, याला कायद्यानं बंदी आहे," तो म्हणाला. मग त्यानं तेही रकान्यात लिहिलं.

आठव्या दिवशी पोलीस आले. झाडं उपटून गोणीत भरली, गोणीला लाखेचं सील लावलं आणि तानुबाईचा अंगठा घेतला. जमीन कोणाची, एवढंच त्यांनी विचारलं. गोटीराम बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

या कायद्यात जामीन सहजी मिळत नाही, असं सरकारनं दिलेल्या वकिलानं सांगितलं. नाशिक रोडच्या तुरुंगात तिनं तीन वर्षं तांदूळ निवडले. पहिले काही दिवस घरी ठेवलेली तीन वर्षांची लेक चंद्रभागा आठवायची. पुढं तेही कमी झालं. कोर्टात झाडं कोणी लावली असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जमीन माझी हाय."

पंचनाम्यातला गट नंबर शेजारच्या टेकडीचा निघाला आणि ती सुटली. आनंद झाला नाही. सुरगाण्याची गाडी कुठून सुटते, तेवढं तिनं शिपायाला विचारलं.

घरी चंद्रभागा बापाच्या मागं लपली. तानुबाईनं चूल पेटवली, भाकरी थापली. गोटीराम जेवायला बसला, पण घास मोडेना.

"नऊ झाडं माझी व्हती," तो खाली बघत म्हणाला. "वणीच्या एका माणसानं बी दिलं व्हतं. इकायला."

"ठावं व्हतं मला. बैलाला दोन पुरत्यात."

तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. राग येईल म्हणून ती वाट बघत होती. तो काही आला नाही. त्या दोघांत तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

दोन हजार दोन साली तालुक्याला शेतकरी मेळावा झाला. आदिवासी भागातली आदर्श फळबाग म्हणून तानुबाईचं नाव पुकारलं. बारा वर्षांच्या चंद्रभागेनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा ती उठली. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

"झाडं जगली," तानुबाई म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी गाय व्याली. वासरू गारठ्यानं कुडकुडत होतं. तिनं ती शाल त्याच्या अंगावर टाकली आणि नागली दळायला बसली.