शेंगोळ्यांचं पातेलं

"अहो, शिजवलेलं कशाला आणलंत? तुम्ही कोरडं आणायचं असतं."

महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्या आईला म्हणाल्या. चर्चच्या अंगणात, सगळ्यांसमोर. आईच्या कमरेवर हुलग्याच्या शेंगोळ्यांचं पातेलं होतं. वर धुवट फडकं बांधलेलं. मी शाळकरी पोर, तिचा पदर धरून उभी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निफाडकडचं गाव सोडून आम्ही नुकतेच नाशिकला आलो होतो. वडिलांना सातपूरला कारखान्यात काम लागलं होतं. त्या दिवशी उपकारस्तुतीचा सण. पीक घरात आलं की देवाचे आभार मानायचे, उपासना करायची आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. प्रीतिभोजन म्हणतात त्याला. गावी ज्याच्या घरी जे शिजेल ते मधोमध ठेवायचे. आईला वाटलं, इथंही तसंच. पहाटे उठून तिनं पीठ मळलं, लसूण-मिरची वाटली, शेंगोळे वळले.

इथली रीत निराळी. जुन्या घराण्यांनी शिजवलेलं आणायचं. आमच्यासारख्या वस्तीतल्यांनी तांदूळ, डाळ, गूळ. आमचं धान्य चालायचं, आमचा हात चालायचा नाही. जात कुणी काढत नसे. 'सोय' म्हणायचे. जुनी घराणी म्हणजे ज्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले ती. माझे आजोबा महारवाड्यात ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याचं पाणी एकच. जुन्या घराण्यांचं आडनाव तेवढं त्या पाण्यात भिजलं नव्हतं.

"बरं बाई. मला ठावं नव्हतं," आई म्हणाली.

पातेलं नळापाशी ठेवायला सांगितलं. चपलांच्या शेजारी. जेवणं उरकली, प्रार्थना झाली, आणि आईनं ते पातेलं तसंच उचललं. फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती. घरी येऊन आम्ही शेंगोळे खाल्ले. आई जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

पुढच्या सणाला ती तांदूळ घेऊन गेली. त्याच्या पुढच्याही. घरात कणीचा भात आणि चर्चसाठी निवडून पाखडून आंबेमोहर. याचा मला जास्त राग यायचा. अपमान त्यांनी केला एकदाच. पुढचा आई दरवर्षी स्वतःच्या हातानं निवडून नेत होती.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, हुशार निघाले. वचनं तोंडपाठ. मोठी झाले तशी रविवारी लहान मुलांना शिकवायला लागले. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं चरित्र तर मला झोपेतही सांगता आलं असतं. मासे धरणारा पेत्र. पाण्यावर चालणारा, कोंबडा आरवल्यावर रडणारा, तुरुंगातून सुटणारा. एकदा धड्याची तयारी करताना बायबलमधल्या पौलाच्या पत्रात अंत्युखिया शहरातला प्रसंग वाचला. पेत्र परजातीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमहून बडी माणसं आली, तसा तो भिऊन त्या पंगतीतून बाजूला झाला. आणि पौलानं त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर सुनावलं.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. इतकी वर्षं मला पेत्र शिकवला, आणि जेवणावरून उठलेला पेत्रच कसा कुणी शिकवला नाही? मग मी आमोस संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. मेंढरं राखणारा, उंबराची झाडं सांभाळणारा माणूस. त्याला याजक म्हणाला, जा आपल्या मुलखात, तिथंच भाकर खा. मला अध्यक्षीणबाईंचा आवाजच ऐकू आला. आमोस गप्प बसला नव्हता. आम्ही बसलो होतो.

त्या वर्षी सणाला मुलांसमोर धडा सांगायची पाळी माझी होती. पहाटे मी हुलग्याचं पीठ मळलं. आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"नको गं बाई. आपल्याला तिथंच ऱ्हायचंय."

मी शेंगोळे शिजवले. पातेलं टेबलावर मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. मग उभं राहून मुलांना अंत्युखियाची गोष्ट सांगितली. कुणाचं नाव घेतलं नाही, गरजच नव्हती. मोठी माणसं चुळबुळ करायला लागली. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाळ, पेत्राचा पश्चात्ताप सांगायचा होतास. हे मुलांना कशाला?"

"साहेब, पश्चात्ताप कशाचा ते नको का सांगायला?" मी विचारलं.

जेवण सुरू झालं. माणसं ताटं घेऊन टेबलाच्या कडेनं सरकू लागली. पुलावापाशी थांबत, पातेल्यापाशी आली की पाय उचलत. वस्तीतलीही थांबली नाहीत. ते मला फार लागलं. आई जवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"उचल गं ते. नेऊ घरी. लय झालं."

"नाही," मी म्हणाले.

मी ताट घेतलं, शेंगोळे वाढून घेतले आणि टेबलाच्या डोक्याशी उभी राहून खाल्ले. तिखट झाले होते. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते तिखटाचं नव्हतं. खाल्ले मात्र शेवटपर्यंत.

पुढच्या रविवारी माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला. कारण कुणी सांगितलं नाही. मी चर्च सोडीन अशी त्यांची अपेक्षा होती. सोडलं नाही. ते मेज त्यांच्या पणजोबांनी मांडलेलं नाही. ज्या येशूनं मांडलं, तो कोळ्यांच्या हातचं खात होता.

यंदाचा सण जवळ आला. काल आई सूप घेऊन बसली, तांदूळ पुढ्यात. मी सूप तिच्या हातातून काढून घेतलं.

"मग रिकाम्या हातानं जायचं व्हय?" ती रागावली.

"तांदूळ आपण घरी खाऊ," मी म्हटलं. हुलगे दळून आणलेत. पातेलं घासून ठेवलंय. कुणी खावो न खावो, ते मधोमधच ठेवणार. आणि आमच्या घरातून कोरडा एक दाणाही जाणार नाही.