शेवडेवहिनींचा जग

हेमा शेवडे यांच्या घरात जुनी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. नवरा भालचंद्र बँकेत अधिकारी. रायपूर, गुवाहाटी, भोपाळ, कोची असा संसार फिरत राहिला. बदलीची ऑर्डर आली की भालचंद्र दोन दिवस गप्प गप्प असायचे आणि हेमाताई कामाला लागायच्या. पलंगावर चादर पसरून न्यायच्या नसलेल्या वस्तू त्या मांडून ठेवत आणि शेजारणींना बोलावत. देण्याआधी प्रत्येक वस्तू घासूनपुसून लख्ख केलेली असे. शर्टाचं तुटलेलं बटण लावूनच तो पुढे जाई. मोडकं कुणाला द्यायचं नाही आणि दिलेल्याची पुन्हा आठवण काढायची नाही, हे त्यांचे दोन नियम. साताऱ्याच्या नणंदबाई एकदा राहायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या की तुमच्याकडे आलं की धर्मशाळेत आल्यासारखं वाटतं. हेमाताईंनी ते हसण्यावारी नेलं.

शेवटची बदली कोलकात्याची. भालचंद्र इथेच निवृत्त झाले. मुलगा आदित्य सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरीला लागलेला, सून नेहाही तिथेच कामाला, म्हणून सॉल्ट लेकमध्ये फ्लॅट घेऊन सगळे इथेच स्थिरावले. भालचंद्रांनी सकाळच्या फिरण्याचं मित्रमंडळ जमवलं. हेमाताईंचं मात्र तिसऱ्या वर्षी काहीतरी बिनसलं. कपाटं उघडायच्या, सगळं बाहेर काढायच्या आणि पुन्हा तसंच आत ठेवायच्या. बांधाबांध करायची वेळ झाली असं हातांना वाटत होतं आणि जायचं तर कुठेच नव्हतं.

एका शनिवारी नेहाला दिवाणखान्यासाठी दिवा हवा होता, म्हणून ती त्यांना दक्षिण कोलकात्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेली. जुन्या दुमजली घराचा सगळा तळमजला म्हणजे ते दुकान. मालक एक नव्हता. कुणी एक कपाट भाड्यानं घेतलेलं, कुणी एक टेबल, कुणी जिन्याखालचा कोपरा. एकाकडे नुसती घड्याळं, दुसरीकडे अत्तराच्या कुप्या आणि बटणं, तिसऱ्याकडे ग्रामोफोनच्या तबकड्या. पैसे तेवढे दाराशी एकाच ठिकाणी द्यायचे. नेहा हरखून गेली. हेमाताई मात्र मधोमध उभ्या राहिल्या. दुसऱ्यांनी टाकलेलं इतकं सगळं त्यांनी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. टाकणाऱ्यांच्या बाजूनंच त्या आजवर उभ्या होत्या. टाकलेलं पुढे कुठे जातं, हे बघायला त्या कधी थांबल्या नव्हत्या.

पुढच्या शनिवारी त्या एकट्याच मेट्रोनं आल्या. मग येतच राहिल्या. विकत काहीच घ्यायच्या नाहीत. काचसामान आणि चिनी मातीची भांडी विकणारे रथीनबाबू सुरुवातीला त्यांच्या मागे मागे फिरायचे, कारण ह्या बाई कप उचलून रुमालानं पुसतात आणि खाली ठेवतात, एवढंच त्यांना दिसत होतं. काही आठवड्यांनी त्यांनी मागे फिरणं सोडलं आणि चहा मागवायला लागले. मोडक्या बंगालीत आणि बऱ्या हिंदीत दोघांचं बोलणं चाले. हेमाताई दर वेळी एकच विचारायच्या, हे कुणाचं होतं? रथीनबाबूंना सहसा ठाऊक नसायचं. घर रिकामं होतं, सामान एकगठ्ठा येतं, कोण कुणाला विचारणार, असं ते म्हणत. हेमाताईंच्या मनाला ते लागायचं. का, ते सांगता आलं नसतं.

थंडी सुरू झाली तेव्हा एक बाई दुकानात येऊ लागल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हातात दोन जड पिशव्या. रथीनबाबूंच्या टेबलावर त्या एकेक बशी कागदातून सोडवत, त्यांनी बघितली की पुन्हा कागदात गुंडाळत आणि सगळं घेऊन परत जात. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी रथीनबाबू वैतागून चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि त्या बाई स्वतःशीच पुटपुटल्या, “राहू दे, नकोच ते.”

मराठी ऐकून हेमाताई वळल्या. आपण बदल्यांवर फिरत इथवर आल्याचं सांगून त्यांनी ओळख करून घेतली. बाईंचं नाव विनीता. जन्म कोलकात्याचा, शिक्षणही इथलंच, शाळेत शिकवत होत्या. लग्न केलं नव्हतं. भवानीपूरच्या घरात आई आणि त्या, दोघीच. आई पावसाळ्यात गेली. घर पाडून तिथे इमारत उभी राहणार होती आणि महिनाअखेरीस ते रिकामं करून द्यायचं होतं. विनीताचं मराठी आईपुरतंच होतं. बोलताना लिंग चुकलं की ती थांबायची, सुधारायची, पुन्हा चुकायची.

“सगळ्या वस्तूंमध्ये आईच दिसते,” ती म्हणाली. “कुठली देऊ आणि कुठली ठेवू? हा सेट आईची फार आवडती होती.”

हेमाताईंनी बशी हातात घेतली. निळ्या वेलबुट्टीची, कडेला सोनेरी रेघ, एक ओरखडा नाही.

“यात जेवायच्या त्या?”

“छे. पाहुण्यांसाठी होतं हे. कपाटात असायचं.”

“आणि पाहुणे?”

“आले होते एकदा. मी लहान होते.”

“रोज तुमच्या आईच्या हातात काय असायचं?”

“चहाचं गाळणं,” ती पटकन म्हणाली. “दांडी वाकडी झालेलं. दुसऱ्या कुणाला वापरू द्यायची नाही. ते तर मी टाकून देणाऱ्या सामानात ठेवलंय.”

“ते आधी काढून घ्या,” हेमाताई म्हणाल्या. “हा सेट तुमच्या आईचा नाहीच. न आलेल्या पाहुण्यांचा आहे. तो खुशाल द्या.”

विनीतानं कागद गोळा करून पिशवीत भरले आणि बशा टेबलावरच राहू दिल्या. निघताना तिनं सहज विचारलं, “तुम्ही एवढी घरं बदलली म्हणता. तुम्ही काय ठेवलंत?”

हेमाताई टेबलावरची बशी उचलून रुमालानं पुसू लागल्या.

त्या रविवारी घरात त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या. भालचंद्रांनी काय हरवलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तेच शोधतेय. मनात राहून राहून एक हिरव्या काचेचा पाण्याचा जग येत होता. रथीनबाबूंकडे तसाच एक होता. लग्नातला त्यांचा जग त्यांनी रायपूर सोडताना शेजारच्या अलकाला दिला होता. तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. दिलेल्याची आठवण काढायची नाही हा नियम त्यांनी त्या दुपारी मोडला. भालचंद्रांच्या जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवून अलकाला फोन केला.

पहिली पाच मिनिटं दोघींना धड बोलताच येईना. मुलं, गुडघे, रायपूरचं ऊन असं सगळं झाल्यावर हेमाताईंनी चाचरत जगाचं विचारलं. फुटला असेल ना आता?

“फुटला की, केव्हाच,” अलका म्हणाली. “पण गंमत सांगू? नंतर आणलेल्या स्टीलच्या जगालाही आमच्याकडे शेवडेवहिनींचा जगच म्हणतात. नातवंडंसुद्धा. शेवडेवहिनी कोण, हे त्यांना कुठं माहीत आहे!”

फोन ठेवल्यावर हेमाताई गॅलरीत जाऊन बसल्या. गुवाहाटीच्या घरातली शिवणाची टोपली, भोपाळचा पाळणा, कोचीचं वेताचं टेबल, एकेक आठवू लागलं. कुणाकुणाला दिलं ते सगळं आठवत नव्हतं. त्या घरांमध्ये कदाचित आपलं नाव अजून कुणाच्या तोंडी असेल, कदाचित नसेलही. भालचंद्र चहा घेऊन आले, हेमाताईंचे डोळे बघून शेजारी बसले. मग हेमाताई बोलू लागल्या आणि अंधार पडेपर्यंत दोघं एकेक घर आठवत राहिले. भालचंद्रांना बरंच जास्त आठवत होतं. प्रत्येक बदलीच्या वेळी ते दोन दिवस गप्प का असायचे, हे हेमाताईंनी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं.

आता दर शनिवारी त्या रथीनबाबूंच्या टेबलाशी बसतात. रथीनबाबूंनीच बसा म्हटलं. घर रिकामं करून सामान घेऊन आलेल्या माणसाला त्या पाणी देतात आणि हे कुणाचं, कोण वापरायचं, एवढंच विचारतात. मग विकत घेणाऱ्याला त्या ते सगळं सांगतात. घड्याळवाले हसतात, ऐकून काही गिऱ्हाइकं कंटाळतात, काही थांबतात.

विनीताचा सेट फेब्रुवारीत गेला. बेहाला भागातल्या एका तरुण जोडप्यानं घेतला. हेमाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. मुलीनं विचारलं, मग आम्ही हा जपून ठेवायचा का? हेमाताई म्हणाल्या, मुळीच नाही, रोज वापरा.

त्यांनी हे विनीताला फोनवर कळवलं. तिनं विचारलं, “आज रात्री त्यात काय जेवणार असतील?”

“माछ-भात असेल,” हेमाताई म्हणाल्या.

“आईला मासे चालायचे नाहीत,” विनीता म्हणाली आणि हसायला लागली; हसता हसता तिला रडू आलं. हेमाताई फोन कानाशी धरून तिचं हसणं आणि रडणं दोन्ही थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या.